अक्कांचं 'पूर्ण असहमत'

माणूस देवाला का भजतो हे मोजायची पट्टी असते, असं मला कुणी लग्नाआधी सांगितलं असतं तर मी हसले असते. पुढे तीच पट्टी काखेत मारून मी धुळ्यातल्या गल्ल्या पालथ्या घातल्या. एम. फिल.साठी विषय हवा होता आणि जळगावच्या माझ्या मार्गदर्शक सरांना परदेशी मासिकात एक प्रश्नावली सापडली होती. ऐंशीच्या दशकाचा मधला काळ. सरांच्या मते माणसाचा धर्म दोन तऱ्हेचा असतो. एक आतला. त्यात माणूस देवासाठीच देव मानतो, बदल्यात काही मागत नाही. दुसरा बाहेरचा. त्यात देवाकडून काही मिळावं, संकट टळावं, चार लोकांत बरं दिसावं म्हणून मानतो. आपण वाक्य वाचायचं आणि समोरच्यानं पाचांतलं एक उत्तर द्यायचं: पूर्ण सहमत, सहमत, सांगता येत नाही, असहमत, पूर्ण असहमत. शेवटी बेरीज केली की भक्तीचा आकडा निघतो.

"अंगातला ताप मोजता, मग मनातला देव का नको?" असं सर म्हणायचे आणि मला ते पटायचं. मी भुसावळच्या रेल्वे कॉलनीत वाढलेली. आमच्या घरी देव होते, पण कॅलेंडरवर, आणि वर्ष संपलं की तेही बदलायचे. वडील म्हणायचे, गाडी सिग्नलनं चालते, नवसानं नाही. असल्या घरातली मुलगी धुळ्याला सासरी आली ती थेट खानदेशच्या कानबाई देवीच्या घरात.

पण मी सरांपासून एक गोष्ट लपवली होती. मी त्या दिवसांत भयंकर घाबरलेली होते. माझं मूल दोनदा पोटातच गेलं होतं. पहिलं चौथ्या महिन्यात, दुसरं सातव्याच्या तोंडावर, हातपाय सगळं धरलेलं. तिसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा दुधानं तोंड पोळलेल्या बाईसारखी मी ताकही फुंकून पीत होते. जिना उतरताना कठडा सोडत नव्हते. शिंक आली तरी पोटावर हात जायचा. डॉक्टरीणबाईंनी कारण काही सांगितलं नव्हतं, आणि कारण नसलं की भीतीला कुठूनही शिरता येतं. कुणी सहज 'कितवा?' असं विचारलं तरी मला त्या माणसाचा राग यायचा. काम थांबवलं असतं तर दिवसभर पोटाकडे कान लावून बसावं लागलं असतं. म्हणून मी प्रश्नावली घेऊन बाहेर पडायची.

लोक प्रेमानं बसवून घ्यायचे, चहा द्यायचे आणि प्रत्येक वाक्याला होकार द्यायचे. 'मी देवाची पूजा मनाच्या समाधानासाठी करते.' हो. 'मी देवाची पूजा संकट टळावं म्हणून करते.' हो. 'देवाधर्मापेक्षा आयुष्यात जास्त महत्त्वाच्या गोष्टी आहेत.' थोडं थांबून, हात जोडून, हो. आमच्या पलीकडच्या घरी एक म्हातारी राहायची. तिला मी म्हटलं, आजी, आधी जे म्हणालात त्याच्या हे अगदी उलट आहे, इथे नाही म्हणा की. ती कानाच्या पाळ्या धरून म्हणाली, "देवना नावपुढे नही कसं म्हनू व माय?"

तिचं खरंच होतं. ज्या मुलखात डब्यातलं मीठ संपलं तरी 'संपलं' म्हणत नाहीत, 'वाढलं' म्हणतात, तिथे देवाच्या नावाला लागून 'असहमत' कोण म्हणणार? एका शिंप्याच्या घरी मी आमच्याच पट्टीची उर्दू मिसळलेली वाक्यं घेऊन गेले होते. त्याची बायको आतून दाराआडून उत्तरं देत होती. एका वाक्याला तिनं विचारलं, "ये कागज कहाँ जाएगा?" मी जळगावला म्हटलं. ती म्हणाली, "तो फिर सब में हाँ लिख दो, बहन." मी उठून आले. माणसं कागदाला भीत होती, देवाला भीत होती, आणि माझ्यासारख्या गरोदर बाईला दारातून विन्मुख कसं पाठवायचं म्हणूनही भीत होती. त्या भीतीसाठी पट्टीवर खूण नव्हती.

सरांनी पहिला गठ्ठा पाहिला आणि चष्मा काढून ठेवला. "बाई, तुमचं सगळं धुळं सगळ्यालाच हो म्हणतंय. एक तर ही संतांची वस्ती आहे, नाही तर तुम्ही घरी बसून खुणा केल्यात." मला राग आला, रडूही आलं. सर मनानं वाईट नव्हते. ते म्हणाले, "घाई करू नका. एकेका माणसाजवळ बसा. बोलतं करा. एक जरी 'नाही' मनापासून आलं तरी आपल्याला कळेल की माणसं ऐकून उत्तर देताहेत." मी हो म्हणून एसटीत बसले आणि एरंडोलपासून पारोळ्यापर्यंतच्या खड्ड्यांत सीटचा दांडा घट्ट धरून आले. तो माझा बाळंतपणाआधीचा शेवटचा प्रवास. अक्कांनी पुढे मला स्टँडकडे फिरकू दिलं नाही.

अक्का म्हणजे माझ्या सासूबाई. सासरे लवकर गेले होते, आणि माझा नवरा पाटबंधारे खात्यात, त्यामुळे सारखा साइटवर. घरात बहुतेक वेळ आम्ही दोघीच. अक्का निरक्षर होत्या, तोंडानं फटकळ होत्या, आणि त्यांच्या आयुष्यात एकच मैत्रीण होती, ती म्हणजे कानबाई. वर्षभर ती देवघरात लाल कापडात नारळाच्या रूपात असायची. अक्का तिच्याशी भाजी निवडताना बोलायच्या, दिरांच्या कुरापती तिला सांगायच्या, कधी तिच्यावर रुसायच्या. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी तिला नथ घालून चौरंगावर बसवलं की अक्कांचा चेहरा माहेरचं माणूस आल्यासारखा व्हायचा. मला आधी त्याची गंमत वाटायची. नंतर थोडा हेवा वाटायला लागला.

कानबाईच्या आधी रोटांसाठी, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्यांसाठी, गहू मोजायचे असतात. घरच्या माणसामाणसाच्या नावानं सव्वा मूठ. त्या गव्हाचे रोट फक्त भाऊबंदांनी खायचे, परक्याला द्यायचे नाहीत. आमच्या घरी सून गरोदर असेल तर पोटातल्या जिवाचीही सव्वा मूठ घालायची रीत होती. मागल्या खेपेला अक्कांनी ती हौसेनं घातली होती, आपल्या सगळ्या जावांसमोर, नाव घेतल्यासारखी. त्यानंतर काही दिवसांतच ते मूल गेलं.

त्या वर्षीही जावा जमल्या होत्या. मी भिंतीला टेकून बसले होते. अक्का एकेकाचं नाव घेत मूठ सुपात टाकत होत्या. थोरल्या दिरांची, धाकट्यांची, त्यांच्या पोरांची, माझ्या नवऱ्याची. मग त्यांनी आणखी एक मूठ उचलली. एक मन म्हणत होतं, टाकू नका अक्का, मागच्या वेळी मोजलं म्हणून तर नजर लागली. दुसरं मन म्हणत होतं, टाका, नाही तर या घरात त्याचा वाटाच नाही असं होईल. मी मानसशास्त्राची पदवी घेतलेली बाई, आणि गव्हाच्या एका मुठीकडे बघून मला दरदरून घाम फुटला होता. अक्कांची मूठ बराच वेळ तशीच राहिली. मग त्यांनी ती परत पोत्यात सोडली आणि कुणाकडे न बघता म्हणाल्या, "औंदा राहू दे."

त्यानंतर मला नीट झोप लागेना. अक्काही घाबरल्या आहेत हे मला त्या मुठीनं कळलं. तोवर मला वाटत होतं की भीती माझी एकटीची आहे, आणि घरात निदान एक माणूस तरी खंबीर आहे. कानबाई पांझरा नदीवर न्हाऊन परत लाल कापडात गेली. अक्का तिच्याशी बोलेनाशा झाल्या. दिवा लावायच्या, हात जोडायच्या आणि उठायच्या. दोघींचं काहीतरी बिनसलं होतं.

काही दिवसांनी, दुपारची भांडी आवरून झाल्यावर, अक्का माझ्यासमोर येऊन बसल्या. मी वह्या पसरून बसले होते.

"बठ्ठी गल्लीले ईचारं, माले नही ईचारं," त्या म्हणाल्या. "माले ईचार."

मी टाळलं. घरच्या माणसांची उत्तरं घेत नाहीत, असं काहीतरी म्हटलं. खरं म्हणजे मला ती ऐकायची नव्हती. पण अक्का हलेनात. शेवटी मी कागद घेतला आणि वाचायला लागले.

'मी देवाची पूजा संकट टळावं म्हणून करते.'

"मंग काय! तिले नही तं कोनले मांगानं?"

'लोक काय म्हणतील म्हणून मी देवदर्शनाला जाते.' त्यावर अक्का मनापासून हसल्या आणि थोरल्या जावेचं नाव घेतलं. मीही हसले. भुईमुगाच्या शेंगा फोडत त्या उत्तरं देत होत्या, आणि शेजाऱ्यांसारखं नुसतं हो म्हणत नव्हत्या. प्रत्येक वाक्य ऐकून, थोडं चघळून सांगत होत्या. सरांना हवं होतं ते हेच, असं माझ्या मनात आलं आणि मी जरा सैल झाले. मग ते वाक्य आलं. मी ते कितीतरी घरी वाचलं होतं, आणि सगळ्यांनी डोळे मिटून 'पूर्ण सहमत' म्हटलं होतं.

'देवाकडून मला काही मिळालं नाही, तरी माझी भक्ती कमी होणार नाही.'

अक्कांनी हातातली शेंग खाली ठेवली.

"कमी व्हई," त्या म्हणाल्या.

मला वाटलं त्यांना वाक्य कळलं नाही. मी परत वाचलं, सोपं करून सांगितलं. त्यांनी माझ्या पोटाकडे बघितलं, मग देवघराकडे तोंड केलं आणि चांगल्या मोठ्यानं, समोरच्या बाईला ऐकू जावं अशा आवाजात बोलल्या, "कमी काय, बंदच व्हई. हाई खेपले काही उलटंपालटं व्हयनं, तं मी तिले बसाडाव नही. तिना नारळ नदीमा सोडी दिसू."

सगळ्या धुळ्यात मला एक 'नाही' हवं होतं आणि ते मिळालं तर असं. आनंद व्हायला हवा होता. मी मात्र अक्कांचे हात धरले आणि म्हटलं, "असं नका बोलू अक्का, मागे घ्या. मी सहमत लिहिते. कुणाला कळणार नाही." पोटात बाळानं हालचाल केली तर मला वाटलं तेही दचकलं. भुसावळच्या रेल्वे कॉलनीतली मी, सिग्नलवर विश्वास ठेवणारी, देवीनं हे ऐकलं तर काय होईल या भीतीनं अक्कांना विनवत होते.

अक्का शांत होत्या. "तू नही लिखं तरी तिनी आयकीच लिन्हं," त्या म्हणाल्या. "लिख."

मी 'पूर्ण असहमत'वर खूण केली. खूण आधी शेजारच्या चौकोनात गेली. ती खोडून परत करावी लागली.

त्यानंतरचे महिने मी कसे काढले ते माझं मला माहीत. अक्कांनी जे केलं त्याचा अर्थ मला हळूहळू उमगत गेला. नवस म्हणजे देवाला काहीतरी देऊ करणं. नारळ, साडी, उपास, पायी चालणं. अक्कांनी दुसरंच केलं होतं. त्यांच्याजवळ पणाला लावण्यासारखी एकच गोष्ट होती, ती म्हणजे खुद्द कानबाई. तीच त्यांनी माझ्या पोरासाठी लावली होती. मूल गेलं असतं तर अक्कांचं नातवंड आणि त्यांची जन्माची सोबतीण, दोन्ही एकदम गेलं असतं. मग त्या म्हातारीनं भाजी निवडताना बोलायचं तरी कुणाशी? या विचारानं मला आणखी धास्ती बसली. आता माझ्या पोटावर अक्का आणि कानबाई दोघींचा भार होता.

दिवस भरले. कळा सकाळी सुरू झाल्या, दवाखान्यात पोचेस्तोवर उन्हं वर आली होती. नवरा साइटवरून निघाला होता. अक्का बाहेरच्या बाकावर बसल्या होत्या. दार उघडलं की मला त्यांचं लुगडं दिसायचं, बंद झालं की मी डोळे मिटायची. मी आतून काही म्हटलं नाही. देवाचं नाव घेतलं नाही, आईचं घेतलं नाही. नाव घेतलं आणि भलतंच झालं तर, म्हणून तोंड घट्ट दाबून धरलं. डॉक्टरीणबाई ओरडल्या, अहो ओरडा की, इतकं काय धरून ठेवलंय? मुलगी झाली. आधी ती रडली नाही. ते थोडे क्षण मी कुणाला सांगू शकणार नाही असे होते. मग तिनं दवाखाना दणाणेल असा टाहो फोडला.

दाराशी अक्का उभ्या होत्या. "रडनी का?" त्यांनी विचारलं. नर्स हसून म्हणाली, "ऐकू येत नाही का आजी?" अक्कांनी मुलीला हातात घेतलं नाही. त्या भिंतीला धरून खाली बसल्या. त्यांना आनंद झाला असेल असं मला वाटलं. तोवर येऊन पोचलेल्या नवऱ्यानं नंतर सांगितलं की त्या थरथर कापत होत्या.

मुलगी तान्ही असतानाच मी राहिलेलं काम पुरं करून सरांकडे नेलं. त्यांनी अक्कांच्या कागदापाशी बोट ठेवलं. "ही बघा, अगदी स्वच्छ बाह्य वृत्ती. दिलं तर भक्ती, नाही दिलं तर नाही. व्यवहार!" मी सरांना आयुष्यात एकदाच उलट बोलले ती तेव्हा. मी म्हटलं, "सर, व्यवहारात कुणी इतकं पणाला लावत नाही." पण पट्टीनं काय मोजायचं ते ठरलेलं होतं, आणि बेरीज तीच राहिली. प्रबंध मंजूर झाला, मला नोकरी लागली.

अक्का मात्र बदलल्या. दर श्रावणात कानबाई बसवायच्या, सगळं रीतीनं करायच्या, पण तिच्याशी पूर्वीसारखं बोलणं कधी परत आलं नाही. तिच्याकडे पाठ करून बसायच्या नाहीत, आणि डोळा वर करून बघायच्याही नाहीत. कुणी म्हटलं, अक्का, आमच्यासाठी तिला एक शब्द टाका, तर उठून मागच्या दारी जायच्या. पूर्वी फटकळ असलेली बाई कुणाला उलट बोलेनाशी झाली. मला वाटायचं, वय झालं.

मुलगी चालायला-बोलायला लागली होती त्या वेळची गोष्ट. तिला ताप भरला आणि संध्याकाळी झटके आले. डोळे पांढरे झाले, दातखीळ बसली. आम्ही तिला उचलून दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, ताप डोक्यात गेलाय, आजची रात्र बघू. नवरा तिच्याजवळ थांबला आणि मी कपडे न्यायला घरी आले. अक्का अंधारात दिवा न लावता बसल्या होत्या. मी त्यांच्यापुढे मटकन बसले आणि म्हटलं, "अक्का, तिला सांगा ना. तुमचं ऐकते ती. मागच्या वेळी ऐकलं होतं."

अक्कांनी मान हलवली. त्यांच्या डोळ्यांत मी कधी न पाहिलेली भीती होती.

"मी कोनता तोंडे मांगू?" त्या म्हणाल्या. "तिले धमकाडेल शे मी. मनं तोंड राह्यनं नही. तू मांग."

मी देवघरासमोर बसले. मला मागता येत नव्हतं. शेकडो माणसांना मी विचारलं होतं की तुम्ही देवाकडे काय मागता, कसं मागता, का मागता. माझ्या जिभेवर सुरुवात कशी करायची तेवढं सुद्धा येईना. हात जोडावेत की पदर पसरावा तेही कळेना. शेवटी काहीतरी पुटपुटले आणि कपड्यांची पिशवी घेऊन पळत दवाखान्यात गेले.

उजाडता उजाडता ताप उतरला. औषधानं उतरला, हे मला माहीत आहे. दुपारी मुलीनं पेज मागितली आणि मी अक्कांना सांगायला घरी आले. त्या मी ठेवून गेले होते तशाच तिथे बसून होत्या. पोर बरी आहे म्हटल्यावर त्यांनी डोळे पुसले. मग मला जवळ ओढून, कुणी ऐकू नये अशा आवाजात विचारलं, "काय मांगं व तू?"

"पोर बरी होऊ दे, एवढंच."

"आनि नही व्हयनी तं? पुढे काही बोलनी का?"

"नाही अक्का. पुढचं काही नाही बोलले."

अक्कांनी इतका मोठा श्वास सोडला की त्यांचे खांदे खाली आले. माझ्या तोंडावरून हात फिरवत त्या म्हणाल्या, "चांगलं कयं माय. ते बोलनं भलतं जड जास."